मुसाफिराने मागे ठेवलेले पाणी

जकात कोणाला द्यायची, हे कुरआनने सुरह तौबामध्ये आठ प्रकार सांगून स्पष्ट केले आहे. त्या यादीत फकीर आहेत, गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि सर्वांत शेवटी मुसाफिर आहे. आपल्या गावी कितीही सुखवस्तू असला, तरी परमुलखात हात रिकामा झालेल्या प्रवाशाचा जकातीवर हक्क असतो. रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो, तेव्हा यादीतला हा शेवटचा हकदार बहुधा लक्षातून निसटतो.

या हक्काला दुसरी बाजूही आहे. ज्या मुलखाने मुसाफिराला थारा दिला, त्या मुलखाचे तो काही देणे लागतो का? बाहेरून आलेला माणूस गावाला काय देऊ शकतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला खान्देशच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की रावेरनंतर थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण शेकडो वर्षे ते खान्देशची राजधानी होते. तिथे आयुष्याची अनेक वर्षे घालवलेल्या एका मुसाफिराची ही कहाणी आहे. त्यांचे नाव अब्दुल रहीम खानखाना. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण सर्वांनी पाठ केले, तेच हे रहीम.

पाटणचे पोरके मूल

रहीम यांचे वडील बैराम खान. तुर्कमान घराण्यातला हा सरदार बदख्शानहून येऊन हुमायूनच्या पदरी राहिला आणि पुढे लहानग्या अकबराचा पालक झाला. आई मेवातची, म्हणजे इथल्याच मातीतली. १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरमध्ये रहीम यांचा जन्म झाला.

पुढे बादशहा आणि बैराम खान यांच्यात बिनसले. बैराम खानाने बंड केले, हरला, माफी मिळाली आणि तो हजला निघाला. जानेवारी १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे मुक्काम असताना जुन्या वैरातून त्याचा खून झाला. तळ लुटला गेला. रहीम तेव्हा चार वर्षांचे होते. यतीम आणि मुसाफिर, दोन्ही एकाच दिवशी झाले. विश्वासू नोकरांनी मूल आणि आईला वाचवून अहमदाबादला नेले, तेथून आग्र्याला.

बंडखोराच्या मुलाला दरबाराने कसे वागवायचे, हा प्रश्न होता. अकबर तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. त्याने मुलाला जवळ केले, स्वतःच्या देखरेखीखाली वाढवले, चांगले शिक्षक दिले. तुर्की घराण्याची भाषा, फारसी दरबाराची. त्याशिवाय अरबी, संस्कृत आणि ब्रजभाषा रहीम शिकले. १५८९ मध्ये त्यांनी बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणून बादशहाला सादर केले. संस्कृत ग्रंथांचे त्यांना विशेष वेड होते. फारसीत उतरवलेल्या रामायणाची एक सचित्र प्रत त्यांनी स्वतःच्या चित्रशाळेत करवून घेतली, ती आजही जपलेली आहे. कविता मात्र त्यांनी लोकांच्या बोलीत केली. म्हणूनच चारशे वर्षांनंतरही ती पाचवी-सहावीच्या मुलांना कळते.

तलवार घेऊन आलेला पाहुणा

रहीम खान्देशात पाहुणे म्हणून आले नाहीत, फौज घेऊन आले. हे झाकून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१५८४ मध्ये गुजरातची लढाई जिंकल्यावर त्यांना खानखाना हा किताब मिळाला होता. खानखाना म्हणजे सरदारांचा सरदार. पुढे सिंध जिंकल्यावर दख्खनची मोहीम त्यांच्याकडे आली. १५९५ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा चांदबीबीशी झुंजणाऱ्या मोगल फौजेत ते होते. १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत त्यांच्या बाजूने लढताना खान्देशचे सुलतान राजा अली खान धारातीर्थी पडले. १६०० मध्ये अहमदनगर पडले, जानेवारी १६०१ मध्ये असीरगडही पडला आणि खान्देशचे फारुकी राज्य संपले.

फारुकी घराणेही मुळात बाहेरून आलेले. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला. आजच्या शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे हे थाळनेर. त्या घराण्याच्या कबरी तिथे अजून उभ्या आहेत. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने खुलताबादचे सुफी संत हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बऱ्हाणपूर वसवले. दोनशे वर्षांत हे घराणे इथलेच होऊन गेले. राजा अली खान यांनी बांधलेल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाशेजारी संस्कृत शिलालेख आहे, तो आजही वाचता येतो. मशिदीच्या आत संस्कृतात काळवेळ कोरून ठेवणारा राजा या मुलखाला परका राहिला नव्हता.

अशा शहरात रहीम सुभेदार म्हणून बसले. जिंकणारा म्हणून त्यांना कर वसूल करता आला असता, फौज पोसता आली असती आणि बदलीचा हुकूम आला की निघून जाता आले असते. अनेक सुभेदारांनी तेच केले. रहीम यांनी इथे घर केले.

मुसाफिरांचे शहर

सुरतेच्या बंदरातून आग्र्याकडे जाणारा मोठा रस्ता त्या काळी खान्देशातून जात असे. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. व्यापारी, हजहून परतणारे, फिरंगी, इराणी, सगळे याच वाटेने यायचे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपूरला पोहोचला, तोही सुरतेहूनच. त्याने मुलूख पाहिला, टिपणे केली, व्यापाराच्या सवलतींसाठी पुढे अजमेरला बादशहाकडे गेला.

याच शहरात खानखानांचा दरबार भरत होता. इराणातून निघालेले कवी आणि विद्वान त्यांच्या नावाने इकडे येत. नहावंदहून आलेल्या अब्दुल बाकी यांनी इथेच बसून खानखानांचे मोठे फारसी चरित्र लिहिले. शहरात वाटसरूंसाठी सराई झाली, लोकांसाठी हमाम झाले, बागा झाल्या. खानखानांचे ग्रंथालय एवढे मोठे होते की त्यात नकलनवीस, चित्रकार, बांधणीकार असे अनेकांचे पोट चाले.

त्यांच्या दानशूरपणाच्या गोष्टी उत्तरेत अजून सांगितल्या जातात. त्यातली एक फार प्रसिद्ध आहे. दान देताना खानखाना नजर खाली ठेवत. हात जितका वर जाई, तितके डोळे खाली जात. कोणी कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की देणारा वरचा आहे, तो रात्रंदिवस देतो, पण लोक उगाच माझे नाव घेतात, म्हणून लाज वाटते. गोष्ट लोककथेची आहे, पण चारशे वर्षे लोकांनी ती दुसऱ्या कोणाच्या नावावर घातली नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही पैगंबर साहेबांची शिकवण रमजानमध्ये आपण दरवर्षी ऐकतो. खानखानांच्या खाली झुकलेल्या नजरेत ती दिसते.

डोंगराच्या पोटातले पाणी

खानखानांच्या काळात बऱ्हाणपूरला मिळालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट जमिनीखाली आहे. वरून चालणाऱ्याला ती दिसतही नाही.

तापी शहराच्या पायथ्याशी वाहते, पण वाढत्या शहराला आणि मोगल फौजेच्या छावणीला नदीवर विसंबून भागत नव्हते. नदी खाली, वस्ती वर. शिवाय युद्धाच्या काळात शत्रूने नदी बिघडवली तर शहर तहानेने मरेल, ही धास्तीही होती असे सांगतात. १६१५ च्या सुमारास या प्रश्नावर उपाय सापडला, तो एका इराणी जाणकाराच्या नजरेतून. लोक त्याला तबकातुल अर्ज म्हणून ओळखतात. या शब्दांचा अर्थच जमिनीचे थर असा होतो. माणूस त्याच्या विद्येच्या नावानेच लोकांच्या लक्षात राहिला.

इराणच्या कोरड्या मुलखात डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून बोगदा काढून पाणी गावापर्यंत आणण्याची जुनी रीत आहे. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून हळूहळू तापीकडे झिरपत येतो. हे झिरपणारे पाणी वाटेतच अडवायचे, एका भुयारी वाटेत गोळा करायचे आणि जमिनीच्या उताराने शहरात आणायचे, अशी ही योजना. त्या वाटेवर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या खोदल्या. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो, गाळ काढता येतो, माणूस उतरू शकतो. कुंडीचे तोंड जमिनीपेक्षा उंच बांधलेले असते, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी आत शिरत नाही. पुढे पाणी एका हौदात येते आणि मातीच्या नळांतून शहरभर पसरते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. सगळे काम उताराचे.

अशा अनेक शाखा शहराभोवती होत्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांची नावे. सर्वांत प्रसिद्ध शाखेला लोक खुनी भंडारा म्हणत, आता कुंडी भंडारा म्हणतात. तिच्यावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत आणि तिची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. आजही सुमारे ८० फूट खाली उतरले की भिंतींतून पाझरणारे स्वच्छ, थंड पाणी दिसते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव आले.

यात खान्देशला पाणी कळत नव्हते, असे कोणी समजू नये. धुळे जिल्ह्यात पांझरेवरचे फड आणि बंधारे पाहिले, की नदीचे पाणी गावाने मिळून कसे वाटून घ्यावे, याची जाण इथल्या शेतकऱ्यांत किती जुनी आहे ते कळते. इराणी जाणकाराने त्या जाणिवेत आपल्या मुलखातली एक रीत आणून मिसळली. सातपुड्याचा उतार इथला, नजर तिथली. दोन्ही एकत्र आले म्हणून पाणी आले.

मदिनेतली एक घटना इथे आठवते. हजरत उस्मान (रजि.) स्वतः मक्केहून हिजरत करून मदिनेत आलेले, म्हणजे त्या शहरात बाहेरचेच. तिथे रूमा नावाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे आणि गरिबांचे हाल होत. हजरत उस्मान यांनी ती विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. मक्केच्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांनी घरात जागा दिली होती, त्यातल्या एका मुहाजिराने शहराला पाणी दिले. आणि हजरत साद (रजि.) यांनी वारलेल्या आईच्या नावाने कोणते दान करावे, असे विचारले, तेव्हा पैगंबर साहेबांनी पाण्याचे नाव घेतले. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते, त्या सदका-ए-जारियाचे याहून सोपे उदाहरण नाही.

दोन शत्रू, एकच काम

खानखाना बऱ्हाणपूरमध्ये होते, त्याच वर्षांत अजिंठ्याच्या घाटापलीकडे त्यांचा सर्वांत कडवा शत्रू होता, मलिक अंबर. तोही बाहेरचाच. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादहून दख्खनला आणलेला. कर्तृत्वाने तो निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने मोगलांना असे हैराण केले की खानखानांना अपयशाचा ठपका घेऊन परत जावे लागले. पुढे ते पुन्हा दख्खनवर आले. १६१६ मध्ये खानखानांचे थोरले चिरंजीव शाहनवाज खान यांनी मलिक अंबरचा पराभव केला.

या दोघांनी एकमेकांशी वर्षानुवर्षे लढाई केली, त्यात गावे उजाड झाली, हे खरे. पण याच मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने नहर बांधली, तीही डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणणारी. एक इराणच्या दिशेने आलेल्या घराण्यातला, दुसरा आफ्रिकेतला. एक बादशहाच्या मांडीवर वाढलेला, दुसरा बाजारात विकलेला. एकमेकांचे वैरी. आणि दोघांनीही या कोरड्या मुलखाला जाताना पाणीच दिले. त्यांच्या लढायांच्या तारखा आज अभ्यासकांनाच माहीत असतात. कुंडी आणि नहर मात्र शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दुःखाचे शहर

बऱ्हाणपूरने खानखानांकडून खूप घेतलेही. त्यांच्या मुलीचा नवरा, अकबराचा शहजादा दानियाल, इथेच दारूपायी १६०५ मध्ये वारला. १६१९ मध्ये शाहनवाज खानही त्याच व्यसनाने गेले. त्यांची सुरेख कबर बऱ्हाणपुरात उतावळी नदीकाठी आहे. नंतर शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याने बापाविरुद्ध बंड केले आणि म्हातारे खानखाना त्या भानगडीत ओढले गेले. ते कैद झाले. त्यांचा आणखी एक मुलगा दाराब खान याला मारण्यात आले आणि त्याचे शिर बापाकडे पाठवण्यात आले. सत्तरीला टेकलेल्या बापाने ते झाकण उघडून पाहिले.

जहांगीरने शेवटी त्यांना माफ केले, किताब परत दिला. १६२७ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. आपल्या पत्नीसाठी निजामुद्दीन परिसरात त्यांनी जो मकबरा बांधला होता, त्यातच त्यांना दफन करण्यात आले. अठराव्या शतकात त्या मकबऱ्याचा संगमरवर काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला लावला गेला. अलीकडे, २०२० मध्ये, त्याचे जतनकाम पूर्ण झाले. स्वतःच्या कबरीवरचा दगडही ज्यांच्या वाट्याला राहिला नाही, त्यांचे पाणी तिकडे दूर तापीकाठी पाझरतच होते.

आपल्या गावातला मुसाफिर

आज जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश-बिहारची मुले काम करतात. बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक, डॉक्टर भाड्याच्या घरात राहतात. विद्यापीठात बाहेरगावचे विद्यार्थी येतात. आणि आपली मुले? खान्देशची किती घरे सुरतेला, पुण्याला, आखाती देशांत चुली पेटवतात, याचा हिशेब प्रत्येक गल्लीत निघेल. आपण इथे यजमान आहोत आणि तिथे मुसाफिर. बाहेरचा, हा शब्द तोंडातून काढताना आपलाच मुलगा कुठेतरी बाहेरचा आहे, हे आठवावे.

बाहेरून आलेल्याने काय द्यावे, हे खानखानांच्या आयुष्यातून सहज दिसते. पहिले, बोली शिकावी. तुर्की घराण्यातल्या सरदाराने ब्रजभाषेत लिहिले. जळगावात पाच वर्षे राहणाऱ्याला दोन वाक्ये अहिराणीची यायला हरकत नाही. दुसरे, आपल्या मुलखातले हुन्नर इथल्या हातांना शिकवावे आणि इथल्यांचे आपण शिकावे. तिसरे, देताना नजर खाली ठेवावी. उपकार केल्यासारखे देणाऱ्याचे गावाला ओझेच होते.

चौथी गोष्ट जकातीची. परगावी कमावणारे बरेच जण जकातीची सगळी रक्कम गावी पाठवतात. गरजू नातेवाईकांना देणे रास्तच आहे, त्यात दुहेरी पुण्य आहे. पण एखाद्या ठिकाणच्या श्रीमंतांकडून घेतलेली जकात तिथल्याच गरिबांना द्यावी, ही पैगंबर साहेबांची शिकवण आहे. फितराही माणूस जिथे ईद करतो तिथल्या गरिबाला द्यावा, असे बहुतेक उलेमा सांगतात. म्हणजे सुरतेला कमावणाऱ्याने काही वाटा सुरतेच्या गरिबाला द्यावा, आणि जळगावात कमावणाऱ्या परप्रांतीयाने काही वाटा जळगावात. ज्या मातीत भाकरी मिळते, त्या मातीचा तो हक्क आहे.

यजमानांचेही काम आहे. चार वर्षांच्या पोरक्या मुलाला, तेही बंडखोराच्या मुलाला, कोणीतरी घरात घेतले, म्हणून पुढे एवढे घडले. आज भाडेकरू शोधताना आडनाव विचारून दार लावून घेणाऱ्याला कळतही नाही की त्याने दाराबाहेर काय ठेवले.

आणि पाणी? रावेर, यावल, चोपडा ही गावे त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. तेच पाणी त्याच उताराने तापीकडे जाते. केळीच्या बागा त्यावर पिकतात आणि बोअर दरवर्षी अधिक खोल जातात. जमिनीत पाणी मुरवण्यासाठी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी २०२५ मध्ये केला आहे. ती योजना होईल तेव्हा होईल. तोवर शेतात एक शोषखड्डा, मशिदीच्या किंवा मंदिराच्या छतावरचे पावसाचे पाणी जमिनीत सोडणारा एक नळ, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. रोजा सोडताना घशाखाली उतरणारा पहिला घोट कोणीतरी, कधीतरी अडवून ठेवलेल्या पाण्याचा असतो. या रमजानमध्ये पुढच्या कोणासाठी तरी आपणही थोडे अडवून ठेवू या.